विंडोज इन्स्टॉल करताना क्रॅश : दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर

उंबरठा
नमस्कार मंडळी,
नव्याने जोडलेल्या डेस्कटॉपवर विंडोज ११ टाकायचंय, पण इन्स्टॉलेशन काही शेवटाला जात नाही. तपशील देतो :
प्रोसेसर रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा बोर्ड, रॅम १६ + १६ जीबी डीडीआर४ (पाकिटावर ३६०० लिहिलंय), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, नवी कोरी.
पहिल्या खेपेला ३४ टक्क्यांवर एरर, शेवटचे आकडे ८००७०२५डी. दुसऱ्यांदा ६१ टक्क्यांवर ८००७०५७०. तिसऱ्यांदा कॉपी पूर्ण झाली, रीस्टार्ट झालं आणि मेमरी मॅनेजमेंट असा स्टॉप कोड देऊन मशीन पुन्हा बंद-चालू. चौथ्यांदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया.
डिस्क दिसते, पार्टिशन नीट होतात. एसएसडी खराब म्हणून बदलून मागू का? की आयएसओच (विंडोजची डाउनलोड केलेली इन्स्टॉल फाइल) गंडलेली आहे?

खटपट्या
आधी पेन ड्राइव्ह बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.
१. आयएसओ डाउनलोड झाली की तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढा. विंडोजमध्ये सर्टयूटिल ही कमांड असतेच, तिला हॅशफाइल, फाइलचं नाव आणि एसएचए२५६ द्यायचं. येणारा आकडा डाउनलोडच्या पानावरच्या आकड्याशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. "पहिली चार अक्षरं सारखी आहेत" म्हणजे जुळला नव्हे.
२. पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. फाइल नुसती कॉपी-पेस्ट करू नका. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही आणि आयएसओतली इन्स्टॉल डॉट विम ही फाइल बऱ्याचदा त्याहून मोठी असते. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरा, किंवा रुफस हे बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर.
३. पेन ड्राइव्ह कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात लावू नका. मागे बोर्डवर थेट असलेल्या यूएसबी २.० पोर्टात लावा. पुढच्या पोर्टाची वायर लांब असते आणि सैल जोडणी तिथेच जास्त सापडते.

शून्यएक
पेन ड्राइव्हबद्दल +१. दुसरा पेन ड्राइव्ह घेऊन बघा.

कळफलक
खटपट्या यांनी सांगितलेलं करायला दहा मिनिटं लागतात, जरूर करा. पण या लक्षणांवरून माझा संशय पेन ड्राइव्हवर नाही आणि एसएसडीवरही नाही.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारायचा : दर वेळी एकाच जागी अडतंय, की वेगवेगळ्या जागी?

आयएसओ खराब असेल, पेन ड्राइव्हचा एखादा भाग वाचता येत नसेल, किंवा एखादा ड्रायव्हर गळ्यात अडकत असेल, तर गाडी दर वेळी साधारण त्याच स्टेशनावर थांबते. तीच फाइल, तोच टक्का, तोच कोड. इथे चार खेपांना चार जागा आणि चार कोड आहेत. असं दिसलं की रॅम, प्रोसेसर आणि वीजपुरवठा या तिघांकडे बघायचं, आणि त्यात पहिला मान रॅमचा.

कारण असं. इन्स्टॉल डॉट विम (किंवा ईएसडी) ही दाबून भरलेली फाइल असते. सेटअप ती रॅममध्ये उलगडतो आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश तपासत पुढे जातो. रॅममध्ये एक बिट उलटला तरी हॅश जुळत नाही आणि सेटअप म्हणतो, फाइल खराब आहे. ८००७०५७० चा अर्थ "फाइल खराब आहे, वाचता येत नाही" आणि ८००७०२५डी चा अर्थ "बफरमधली माहिती वेडीवाकडी आहे". दोन्ही वाचून माणूस डिस्क बदलायला धावतो. प्रत्यक्षात डिस्कवरची फाइल धडधाकट असते, वाचल्यानंतर रॅममध्ये बिघडलेली असते.

तुमच्या बाबतीत आणखी एक. ५६०० साठी एएमडीने अधिकृतपणे सांगितलेला रॅमचा वेग डीडीआर४-३२०० आहे. पाकिटावरचा ३६०० हा एक्सएमपी प्रोफाइलचा (रॅममध्येच नोंदवलेल्या जास्त वेगाच्या सेटिंगचा) वेग, म्हणजे ओव्हरक्लॉकच, अधिकृत वेगाच्या वर. बहुतेक मशिनांवर तो सुखाने चालतो, पण चालेलच असं नाही. तेव्हा :

अ) बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं, बोर्डच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) जाऊन लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स करा, म्हणजे मूळ सेटिंग्ज येतील. एक्सएमपी (काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं) बंद झालंय हे डोळ्यांनी बघा. रॅमचा वेग बहुधा २१३३ किंवा २६६६ दिसेल. दिसू दे.
आ) रॅमच्या दोन स्टिक (पट्ट्या) ए२ आणि बी२ स्लॉटमध्ये आहेत ना? चार स्लॉट असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा. नक्की कुठले ते बोर्डच्या मॅन्युअलमध्ये असतं.
इ) मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा. सिक्युअर बूटने (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारं बायोसमधलं सेटिंग) अडवलं तर तेवढ्यापुरतं बंद करा. किमान ४ पास (तपासणीच्या पूर्ण फेऱ्या) होऊ द्या. ३२ जीबीला बराच वेळ लागतो, रात्री लावून झोपा.
ई) एरर शून्यच हव्यात. "दोनच आल्या" म्हणजे स्टिक नापास.

रेघोट्या
कळफलक यांचा "एकाच जागी की वेगवेगळ्या जागी" हा निकष फार कामाचा आहे. त्याला जोडून लॉगबद्दल (सेटअप लिहून ठेवतो त्या नोंदींबद्दल) लिहिते, कारण टक्का नुसता पडद्यावर दिसतो, कारण लॉगमध्ये असतं.

सेटअप चालू असताना शिफ्ट + एफ१० दाबा, काळी कमांड खिडकी उघडते. (काही लॅपटॉपवर एफएन कळही सोबत धरावी लागते.) तिथे नोटपॅड असं टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडला की फाइल-ओपनमधून सगळे ड्राइव्ह हिंडता येतात, हाताशी एक छोटा फाइल एक्सप्लोररच मिळतो म्हणा ना. फाइलचा प्रकार ऑल फाइल्स करायला विसरू नका, नाहीतर लॉग दिसतच नाहीत. एक्स ड्राइव्हवर विंडोज, त्यात पँथर या फोल्डरात सेटअपएर आणि सेटअपअ‍ॅक्ट अशा दोन लॉग फाइली असतात. पहिलीत फक्त चुका, दुसरीत सगळी हकिकत.

महत्त्वाचं : एक्स ड्राइव्ह म्हणजे रॅममधली तात्पुरती डिस्क. एरर आल्यावर वैतागून रीस्टार्ट केलंत की ते लॉग गेले. त्याच नोटपॅडमधून उजवी क्लिक करून फाइली पेन ड्राइव्हवर कॉपी करा आणि मगच रीस्टार्ट करा.

लॉग खालून वर वाचायचा. शेवटची एरर बहुधा परिणाम असते, तिच्या वर दहा-वीस ओळींवर मूळ कारण सापडतं.

मध्यरात्र
धागा चांगला चाललाय म्हणून इथेच विचारतो. माझं नवीन इन्स्टॉलेशन नाही, विंडोज १० वरून ११ ला अपग्रेड आहे. रीस्टार्टनंतर "आधीची आवृत्ती परत आणत आहोत" असं येतं आणि गाडी मूळपदावर. कोड सी१९००१०१ - ३००१८. हा पण रॅमचाच प्रकार का?

रेघोट्या
मध्यरात्र, नाही. तुमचं दुखणं वेगळं आहे. दर वेळी हाच कोड येतोय ना? म्हणजे जागा ठरलेली आहे.

सी१९००१०१ हा कोड जवळजवळ नेहमी ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. त्याच्यापुढच्या दुसऱ्या आकड्यातला पहिला अंक टप्पा सांगतो : १ म्हणजे जुन्या विंडोजमध्ये असतानाच अडलं, २ म्हणजे सेफ ओएस (बदल करण्यापुरतं छोटं तात्पुरतं विंडोज) टप्पा, ३ म्हणजे नव्या विंडोजचा पहिला बूट, ४ म्हणजे दुसरा बूट. तुमचं ३००१८ म्हणजे पहिल्या बूटमध्ये, हार्डवेअरची ओळखपरेड चालू असताना. २००१७ आलं असतं तर सेफ ओएसमध्येच बूट होताना.

करायचं असं :
- कीबोर्ड-माउस सोडून सगळं काढा. प्रिंटर, यूएसबी हब, वेबकॅम, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडरमधलं कार्डसुद्धा.
- बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर नुसता बंद करून भागत नाही, अनइन्स्टॉल करा. त्याचे फिल्टर ड्रायव्हर बंद असतानाही लोड होतात. व्हीपीएन आणि आभासी सीडी ड्राइव्हची सॉफ्टवेअरंही तशीच.
- ग्राफिक्स, वायफाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवरून नवे घ्या.
- सी ड्राइव्हवर किमान २० जीबी मोकळे ठेवा.
- अडलंच तर सेटअपडायग चालवा. मायक्रोसॉफ्टचंच आहे, लॉग चाळून कुठल्या नियमात बसतंय ते सांगतं. अलीकडच्या अपग्रेडमध्ये ते रोलबॅकनंतर आपोआप चालतं आणि निकाल विंडोज फोल्डरातल्या लॉग्जमध्ये ठेवतं. तिथे बऱ्याचदा ड्रायव्हरचं नावच लिहिलेलं असतं.

खटपट्या
उंबरठा, बायोस अपडेट केलंत का? बी५५० चे सुरुवातीचे बायोस रॅमच्या बाबतीत कच्चे होते. मी तर म्हणेन तेच पहिलं करा.

कळफलक
याला माझा ठाम विरोध. बायोस अपडेट करावं, पण पहिलं नको. ज्या रॅमवर संशय आहे त्याच रॅममध्ये बायोसची फाइल उतरवून तिथून चिपवर लिहायची, हा जुगार आहे. लिहिताना मशीन गोठलं तर बोर्ड हातचा जाईल.
आधी डिफॉल्ट, मग मेमटेस्ट, मग बायोस.

खटपट्या
मान्य, पण पूर्ण नाही. बोर्डवर मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण असेल तर तो धोका राहत नाही. त्या पद्धतीत बोर्डवरची वेगळी चिप लिहिण्याचं काम करते, प्रोसेसर आणि रॅम बसवलेले नसले तरी चालतं. फॅट३२ पेन ड्राइव्ह, मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने फाइल, ठरवून दिलेलं यूएसबी पोर्ट, आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही.

कळफलक
हो, फ्लॅशबॅक असेल तर माझी हरकत मागे घेतो. ते लिहायचं राहिलं होतं.

सुतारपक्षी
डिस्कचं नाव निघालंय म्हणून. एसएसडी बदलून मागण्याआधी स्मार्ट (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) वाचा. कुठल्याही लाइव्ह लिनक्सवर (पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) त्यासाठी स्मार्टसीटीएल ही कमांड मिळते.
एनव्हीएमईवर मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स ही ओळ बघा, ० हवी.
साटा डिस्कवर तीन आकडे : क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर, १९९ म्हणजे सीआरसी एरर (केबलवरून येता-जाता माहितीत झालेल्या चुका). ५ आणि १९७ वाढत असतील तर डिस्कवर भरवसा नको. फक्त १९९ वाढत असेल तर डिस्क बहुधा निर्दोष असते, साटा केबल बदला. हे न कळल्यामुळे चांगल्या डिस्क फुकट बदलल्या जातात. १९९ चा आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, पुढे वाढायचा थांबला की समजायचं काम झालं.

शून्यएक
प्रोसेसर इंटेलच्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा डेस्कटॉप असता तर मी आधी तिकडे बघितलं असतं. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही प्रोसेसर झिजून अस्थिर होतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमचे) सुधार ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये आले. त्याचं लक्षणही नेमकं हेच : दाबलेली फाइल उलगडताना एरर. सुधार बायोस अपडेटमधून येतो, पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, वॉरंटीतच द्यावा लागतो.

कळफलक
अगदी. म्हणूनच मेमटेस्ट स्वच्छ आला तरी प्रोसेसर सुटत नाही.

अनुस्वार
लिनक्सवाल्यांसाठी थोडं, कारण शोधत शोधत लोक इथे येतील.

इन्स्टॉलरच्या मेनूनंतर पडदा काळा होऊन मशीन गोठलं, तर ते बहुधा क्रॅश नसतं, ग्राफिक्स ड्रायव्हर अडखळलेला असतो. एनव्हिडिया कार्डांवर जास्त. ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत ओळीवर थांबून ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट लिहा, मग एफ१०. हा बदल त्या एका बूटपुरता असतो. सिस्टीम बसल्यावर योग्य ड्रायव्हर टाकायचा, नोमोडसेट कायमचं ठेवायचं नाही. ठेवलं तर पडदा मंद आणि रेझोल्यूशन अडकलेलं राहतं.

दुसरं, विंडोजसोबत लिनक्स ठेवणाऱ्यांसाठी. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर बऱ्याच मशिनांवर लिनक्स बूट होताना "शिम एसबॅट डेटा" पडताळता आला नाही असा संदेश येऊन मशीन बंद व्हायला लागलं. जुन्या शिमवर (सिक्युअर बूट चालू असताना लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) बंदी आल्यामुळे जुने लाइव्ह पेन ड्राइव्हसुद्धा तसेच अडतात. ताजी आयएसओ घेणं हा त्यावरचा सरळ उपाय.

आणि बायोसमध्ये सिक्युअर बूट, टीपीएम (गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप) यांना हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. आपण बिटलॉकर चालू केलंच नाही असं वाटतं, पण विंडोज ११ च्या २४एच२ पासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवं इन्स्टॉलेशन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक मशिनांवर आपोआप चालू होतं. ती रिकव्हरी की हाताशी नसेल तर आतली माहिती गेलीच.

मध्यरात्र
रेघोट्या, सेटअपडायगने एका जुन्या व्हीपीएनच्या नेटवर्क ड्रायव्हरचं नाव दिलं. सॉफ्टवेअर आधीच काढलेलं होतं, ड्रायव्हर मागे राहिला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून तो काढला, अपग्रेड पूर्ण झालं. मनापासून आभार.

सुतारपक्षी
उत्तम!

खटपट्या
लॅपटॉपवर "एकही ड्राइव्ह सापडला नाही" असं येणाऱ्यांसाठीही लिहून ठेवतो. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) चालू असतं आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपच्या उत्पादकाकडून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, तो उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि लोड ड्रायव्हर करा. लोक नेमकी ईएक्सई तशीच ठेवतात. सेटअपला आतली आयएनएफ फाइल हवी असते, ईएक्सई त्याला दिसतच नाही.
बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण त्या डिस्कवर आधीचं विंडोज असेल तर ते इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस देऊन बसेल.

शून्यएक
आणि "डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे" (पार्टिशनची यादी जुन्या पद्धतीची, विंडोजला नवी जीपीटी हवी) असं आलं तर शिफ्ट + एफ१०, डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी.

सुतारपक्षी
थांबा, हे असं एका ओळीत देऊ नका. क्लीन मारलं की त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन एका क्षणात जातात, "खरंच करू का" असं विचारतही नाही. लिस्ट डिस्कमध्ये क्रमांकावर जाऊ नका, जीबीचा आकडा बघून डिस्क ओळखा, क्रमांक दर बूटला बदलू शकतात. त्याहून चांगलं म्हणजे बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. असं केलं की विंडोज आपलं बूट पार्टिशन भलत्याच डिस्कवर टाकत नाही, हा दुसरा फायदा.

शून्यएक
बरोबर. ते लिहायलाच हवं होतं.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. निकाल देतो.
आयएसओचा हॅश जुळला. स्मार्टमध्ये इंटिग्रिटी एरर ०. रॅम ए२-बी२ मध्येच होती. डिफॉल्ट लोड केल्यावर वेग २१३३ दिसला आणि त्या वेगावर विंडोज पहिल्या फटक्यात पूर्ण बसलं. आता मेमटेस्टची गरज आहे का? एक्सएमपी बंद ठेवून वापरलं तर चालेल ना?

कळफलक
गरज आहे, आणि आता जास्त आहे. इन्स्टॉलेशन पूर्ण झालं याचा अर्थ एवढाच की त्या वीस मिनिटांत खराब जागेवर काही महत्त्वाचं पडलं नाही. मेमटेस्ट २१३३ लाच करा, दोन्ही स्टिक एकत्र. एरर आली तर एकेक स्टिक ए२ मध्ये लावून स्वतंत्रपणे.

स्टिक काढताना : मशीन बंद, पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या धातूला हात लावा. स्टिकच्या सोनेरी कडेला बोट लावू नका. बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. खटका ऐकू आला पाहिजे. काही बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो, तिथे दुसरं टोक अर्धवट बसलेलं राहतं आणि वरून ते कळत नाही, वाकून बघा.

उंबरठा
दोन्ही एकत्र, २१३३ : तिसऱ्या पासमध्ये ७ एरर. सगळ्यांचा पत्ता जवळजवळ एकच.
पहिली स्टिक एकटी ए२ मध्ये : ४ पास, ० एरर.
दुसरी एकटी ए२ मध्ये : दुसऱ्या पासमध्ये ३ एरर.

कळफलक
निकाल स्पष्ट आहे. स्लॉट तोच, स्टिक बदलल्यावर एरर आली. म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर सुटले, दुसरी स्टिक दोषी. मूळ वेगावरही चुकते, म्हणजे एक्सएमपीचा दोष नाही, चिपच खराब आहे.

आता दोन गोष्टी. एक, बसलेलं विंडोज ठेवू नका. ते खराब स्टिक लावलेली असताना लिहिलं गेलंय. डिझम आणि एसएफसी या विंडोजच्या कमांड चालवून सिस्टीमच्या फाइली दुरुस्त होतील, बाकीच्यांची हमी नाही. चांगल्या स्टिकवर पुन्हा कोरं इन्स्टॉल करा, अर्ध्या तासाचं काम आहे. दोन, त्या काळात जुन्या डिस्कवरून फोटो किंवा कागदपत्रं इकडे कॉपी केली असतील तर मूळ प्रत अजून पुसू नका. कॉपी करताना उलटलेला बिट कुणी ओरडून सांगत नाही, फोटो वर्षभराने उघडल्यावर खाली राखाडी पट्टा दिसतो. दोन्हीकडचे हॅश काढून जुळवा.

उंबरठा
साधारण ४० जीबी फोटो कॉपी केले होते. हॅश जुळवले, दोन फाइली जुळल्या नाहीत. मूळ प्रती शाबूत आहेत, त्या परत घेतल्या. एका स्टिकवर कोरं इन्स्टॉल झालं, एकही एरर नाही. एसएसडी परत पाठवणार होतो, ते वाचलं. खराब स्टिक उद्या वॉरंटीला पाठवतो.

सुतारपक्षी
एकटी पाठवू नका. किट जोडीने विकलेली असते, बहुतेक उत्पादक दोन्ही स्टिक परत मागतात आणि जोडीच बदलून देतात. पाठवण्याआधी मेमटेस्टच्या पडद्याचा फोटो काढा, एररचे पत्ते आणि पासचा क्रमांक दिसेल असा. नवी जोडी आली की आधी २१३३ ला ४ पास, मग एक्सएमपी चालू करून पुन्हा ४ पास.